मोठा किती, लहान किती

खोली बघायला गेलो तेव्हा बाईंनी मला नोकरी विचारली नाही, लग्न झालंय का विचारलं नाही, मांसाहार करता का तेही विचारलं नाही. दारातच उभं करून म्हणाल्या, "तुमच्या घराण्यात सगळ्यात उंच कोण आणि सगळ्यात बुटका कोण?"

मी म्हटलं, "तसे सगळे मध्यमच आहेत."

"असं नसतं. तुम्ही नीट पाहिलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ," असं म्हणून त्यांनी मला खोली दिली. का दिली ते मला आजतागायत कळलेलं नाही. नीट न पाहणारा भाडेकरू बरा, असं त्यांना वाटलं असेल. पुढे तोच त्यांना महागात पडला.

कसबा पेठेतल्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या एका अंगाला बाईंच्या दोन खोल्या, दुसऱ्या अंगाला माझी एक. मी मूळचा वर्ध्याचा. खराडीला एका कंपनीत टीम लीड, म्हणजे सात जणांनी केलेलं काम वरच्याला सांगायचं आणि वरच्याचं ओरडणं सात जणांना, अशा हुद्द्यावर. नोकरी शहराच्या पार टोकाला आणि खोली कसब्यात, हा गाढवपणा मी 'जुन्या पुण्यात राहायची हौस' या नावाखाली तीन वर्षं केला.

बाई मुसलमान, घराणं कैक पिढ्यांपासून पुण्यातलं. त्यांच्या तोंडचे ळ आणि ण ऐकले की मला आपली जीभ घासून यावीशी वाटे. पहिल्या आठवड्यात मी आपुलकीने विचारलं, "काय करून राहिल्या बाई?" तर म्हणाल्या, "चहा करते आहे. राहते मी पूर्वीपासूनच." त्यानंतर महिनाभर मी त्यांच्याशी फक्त होय-नाही एवढंच बोललो.

एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी सगळी नोकरी काढली होती. कोणी 'मॅडम' म्हटलं की लगेच हटकत. "मॅडम शिकवतात. मी बाई. मी बरण्या धुते." पण कोंढव्याला राहणाऱ्या त्यांच्या भाचीकडून मला कळलं होतं, की मॅडम लोकांना काही अडलं की ते बाईंच्या बरण्यांपाशी येऊन उभे राहत.

बाईंचा सरासरीवर दात होता. दहावीचा निकाल लागला की पहिला कोण आला हे बघत, आणि मग "शेवटचा कोण ते का नाही छापत हे लोक?" म्हणून पेपरवर चिडत. मंडईतून वांगी आणताना सगळ्यात थोराड वांगं एक आणि सगळ्यात चिमुकलं एक निवडून आणत आणि एकाच भाजीत टाकत. एक कच्चं राही, दुसऱ्याचा लगदा होई. वाटीभर मला देत आणि विचारत, "कशी झाली?" मी सवयीने "मध्यम" म्हणायचो. वाटी परत घेताना त्या माझ्याकडे अशा बघत, की हा माणूस रोज खराडीपर्यंत चुकत कसा नाही.

आणखी एक विक्षिप्तपणा. तांबट आळी आमच्या हाकेच्या अंतरावर, दिवसभर ठोकाठोक कानावर. आणि बाईंच्या घरात औषधालासुद्धा तांब्याचं भांडं नव्हतं. खालच्या काकूंनी हौसेने दिलेली तांब्याची कळशी बाईंनी दुसऱ्या दिवशी परत नेऊन दिली. "आमच्या घरात पाहुणे आहेत, त्यांना चालत नाही." घरात तर दुसरं माणूस नाही! काकूंनी वर्षभर अबोला धरला. मी कारण विचारलं नाही. लोकांच्या घरच्या पद्धतींत नाक खुपसू नये, असे माझ्यावर संस्कार. ती कळशी मात्र वाया जाऊ नये म्हणून मी काकूंकडून मागून घेतली. आमच्या ऑफिसात तेव्हा तांब्यातल्या पाण्याचं मोठं फॅड होतं.

पाहुणे कोण ते मला सहा महिन्यांनी कळलं. बाईंच्या आतल्या खोलीत भिंतीतलं एक कपाट होतं, त्याला काळा पडदा. एका रविवारी त्यांनी मला बोलावलं, पडदा सारला आणि काचेच्या तीन बरण्या दाखवल्या. बरण्यांत पाणी, तळाशी गव्हाचे फुगलेले दाणे, आणि दाण्यांभोवती गुलालाची चिमूट सांडावी तशी काहीतरी गुलाबी धूळ. कॉलेजने भंगारात काढलेला एक जुना सूक्ष्मदर्शक टेबलावर होता. त्याखाली एक थेंब ठेवून म्हणाल्या, "डोळा लावा. मत देऊ नका."

मी डोळा लावला. धूळ जिवंत होती. लांबट, गुलाबी, एका टोकाला निमुळते जीव सावकाश गिरक्या घेत पोहत होते. एकेक जीव म्हणजे एकच पेशी. पुस्तकातलं नाव ब्लेफारिस्मा, पण बाई त्यांना 'गुलाबी' म्हणत. कडक उजेड त्यांना सोसत नाही, म्हणून पडदा. भिंगात बारीक पट्टी आखलेली होती. तिच्या रेघा मोजून बाई प्रत्येकाचं माप घेत आणि रोज वहीत लिहीत, आजचा सगळ्यात मोठा किती रेघांचा, सगळ्यात लहान किती. मधल्यांना वहीत जागा नव्हती.

"हे आणले कुठून?"

"कॉलेजमागच्या विहिरीतून. मी नोकरीला लागले त्या वर्षी."

"म्हणजे अजून मिळत असतील."

"विहीर बुजवली. तिथे आता मोटारी लावतात," बाई म्हणाल्या. "जे काय आहेत ते या तीन बरण्यांत आहेत." हे सांगताना त्यांनी पडद्याची कड जरा ओढून सारखी केली.

मग एक दिवस त्यांनी मला ते दाखवलं. थेंबात एक अवाढव्य गुलाबी होता, बाकीच्यांच्या दुप्पट. आणि त्याच्या पोटात, त्याच्याच जातीचा एक लहानगा, अख्खा, अजून गिरकी घेत होता. मी डोळा काढून घेतला. "बाई, हा आपल्याच माणसाला खाऊन राहिला की हो!"

"माणूस नाही तो. अन्न संपलं, की त्यांच्यातल्याच एखाद्याचं तोंड मोठं होतं. मग तो शेजाऱ्याला गिळतो आणि आणखी मोठा होतो. भूक आहे ती. पुढे ऐका, ते मोठे नंतर..."

पुढे मी ऐकलंच नाही. माझ्या डोक्यात पोस्ट तयार होऊ लागली होती. त्याच दिवशी मी नोकरीवाल्यांच्या त्या साइटवर टाकली, 'एका पेशीने मला नेतृत्वाबद्दल शिकवलेले पाच धडे'. छोट्यांना गिळणारे साहेब, सजग राहा, वगैरे. माझ्या आयुष्यात सगळ्यात गाजलेली पोस्ट ती. माझ्या साहेबांनीही अंगठा दिला, आणि पुढच्याच आठवड्यात मी निमूटपणे त्यांच्या सांगण्यावरून माझ्या सात जणांपैकी दोघांना कामाच्या मूल्यमापनात 'सरासरीपेक्षा कमी'च्या रकान्यात बसवलं. भाचीने ती पोस्ट बाईंना वाचून दाखवली. बाई जिना ओलांडून माझ्या दारात आल्या. "अहो, त्याला नेतृत्व येत नाही, त्याला भूक लागते. माणसांची उदाहरणं माझ्या बरण्यांना लावायची नाहीत. मीही लावत नाही. इतकी वर्षं लावली नाहीत." पोस्ट मी काढून टाकली. मनाला फार लागलं, कारण अंगठे अजून येतच होते.

त्या पावसाळ्यानंतर बाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. भाची म्हणाली, तीन जिने चढायचे नाहीत, वाकायचं नाही, तीन आठवडे कोंढव्याला माझ्याकडे. बाईंना डोळ्याची नाही, बरण्यांची काळजी. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि कागदावर लिहून दिलं. दर सोमवारी प्रत्येक बरणीत दोन उकडलेले गहू. पाणी आटलं तर नळाचं ताजं घालायचं नाही, दोन दिवस ठेवलेलं शिळं. रोज थेंब बघून मोठा किती, लहान किती, ते संध्याकाळी सहाला फोनवर सांगायचं. आणि खाली रेघ मारून, 'मत नाही.'

"तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाही म्हणून देते आहे," रिक्षात बसताना म्हणाल्या. इतका मोठा विश्वास माझ्यावर घरच्यांनीही टाकला नव्हता, आणि घरचे मला ओळखून होते.

पहिल्या सोमवारी मी गहू उकडले, पण घातले नाहीत. बरण्यांना जरा वास येत होता. म्हटलं, एक आठवडा लंघन होऊ दे, पाणी स्वच्छ होईल. ऑफिसात तेव्हा जो तो उपाशी राहून तब्येत सुधारत होता. पाच-सहा दिवसांत थेंबात राक्षस दिसू लागले. फोनवर सांगितलं, "मोठा एकोणतीस रेघा, लहान सहा."

"गहू घातलेत ना?"

"हो तर!"

"बरं. बघत राहा."

पण बघत राहणं माझ्याच्याने होईना. रोज डोळ्यांदेखत लहानगे गिळले जात होते. मी ऑफिसात कोणाला वाचवू शकलो नव्हतो, निदान इथे तरी वाचवू, असं काहीतरी पवित्र वारं माझ्या अंगात शिरलं. शनिवारी सुट्टी होती. सकाळभर बसून ड्रॉपरने एकेक राक्षस वेचला. काळ्या कागदावर धरलं की ते नुसत्या डोळ्यांनाही ठिपक्यासारखे दिसत. बरणीतल्याच घोटभर पाण्यात त्यांना एका चहाच्या ग्लासात टाकलं आणि बाईंच्या ओट्याखाली, रद्दीच्या मागे, अंधारात तडीपार केलं. मारायचा धीर झाला नाही. उलट अपराधी वाटून दोन गहू त्यांच्यापुढे टाकले. फाशीच्या कैद्यालाही जेवण देतात.

मग बरण्यांनाही गहू घातले. पाणी बरंच आटलं होतं. बाईंचं शिळं पाणी संपलेलं. पण माझ्या खोलीत होतं की! दोन दिवसांचं, थंडगार, काकूंच्या कळशीतलं. मला स्वतःचा अभिमान वाटला. नुसतं शिळंच नव्हे, वर शुद्धही. तिन्ही बरण्या काठोकाठ भरल्या.

सोमवारी गुलाबी हळू झाले. मंगळवारी संध्याकाळी पाचला थेंब बघितला, तर एकही नाही. दुसरा थेंब बघितला. तिसरी बरणी बघितली. पाण्यात नुसता गाळ. बाईंनी नोकरीच्या पहिल्या वर्षापासून सांभाळलेलं ते सगळं मी आठवडाभरात संपवलं होतं. मी बाईंच्या खुर्चीत बसलो आणि सहा वाजायची वाट बघत राहिलो. फोन वाजला.

"मोठा किती?"

खरं सांगायला तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "चौदा."

"लहान?"

"अकरा."

"बरं," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून बारा दिवस मी रोज सहाला खोटं बोललो. पंधरा, बारा. चौदा, बारा. तेरा, अकरा. अगदी शहाण्यासारखे आकडे, कोणाला शंका येऊ नये असे. दिवसा ऑफिसातून दांड्या मारून गुलाबी शोधत फिरलो. पाषाणच्या तळ्यातून बाटली भरून आणली, त्यात नाना तऱ्हेचे जीव निघाले, गुलाबी एक नाही. दोन कॉलेजांत विचारलं. एकीकडचे गृहस्थ म्हणाले, "जिवंत नाही हो ठेवत आता. व्हिडिओ आहे, पाठवू?" रोज वाटे, आज सांगू. रोज बाईंचा आवाज आला की चौदा.

एकविसाव्या दिवशी भाची बाईंना घेऊन आली आणि बॅग ठेवून गाडी लावायला खाली गेली. बाई काळा चष्मा लावून दारात उभ्या. मी रात्रभर पाठ केलेलं भाषण सुरू केलं, "बाई, मला तुम्हाला एक..."

"त्या मंगळवारी मेले ना?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. चौदा, अकरा. पंधरा, बारा. अहो, इतकी वर्षं मी रोज मापं घेते, एवढे शहाणे ते एक दिवसही वागले नाहीत. कधी एखादा सहाचा निघतो, कधी एकदम पंचविसाचा. खोटं बोलणाऱ्याची टोकाचा आकडा सांगायची छाती होत नाही." त्या खुर्चीत बसल्या. "पहिल्या दिवशी वाटलं, डोळ्याची पट्टी फाडून यावं. मग म्हटलं, येऊन काय करू? मेलेले मोजू?"

माझ्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. छत्तिसाव्या वर्षी. लाज वाटली, पण थांबेना. "बाई, चुकलो. तुमचं आयुष्यभराचं..."

"पाणी कोणतं घातलंत?"

"शिळंच. कळशीतलं."

"कसली कळशी?"

मी सांगितलं. बाईंनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. "तांबट आळीच्या शेजारी जन्म काढून मी घरात तांब्याचा चमचा ठेवला नाही. काकूंशी वैर घेतलं. ते काय मला तांब्याचं वावडं आहे म्हणून? तांब्यातल्या पाण्यात हे जगत नाहीत. तीन वर्षांत एकदा तरी विचारायचंत!"

खाली कोणीतरी परात ठोकत होतं.

"आणि ते एकोणतीसवाले?" बाई एकदम म्हणाल्या. "तो आकडा खरा होता. एकोणतीस तुम्हाला सुचणार नाही. त्यांचं काय केलंत?"

"ते... बाहेर काढले. लहानांना खात होते म्हणून." मला तोवर ग्लासची आठवणच नव्हती. "ओट्याखाली आहेत. रद्दीमागे. म्हणजे होते."

"कळशीचं पाणी घातलंत त्यात?"

"नाही. बरणीतलंच होतं. आणि दोन गहू."

"आणा," त्या म्हणाल्या. आवाज एवढा हळू होता की मला आधी ऐकूच आला नाही.

मी रद्दी उपसली. ग्लासातलं पाणी तळाशी गेलेलं, कडेला कोळिष्टक. सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून आणला. बाईंना वाकायला मनाई होती, म्हणून सूक्ष्मदर्शक दोन डब्यांवर चढवला. थेंब ठेवला. बाईंनी नवा डोळा भिंगाला लावला आणि चाक पुढे-मागे फिरवत राहिल्या.

"मेले?" मी विचारलं.

"या अल्ला," बाई म्हणाल्या. तीन वर्षांत त्यांच्या तोंडून मी असा उद्गार ऐकला नव्हता. "अहो, हे इतके गुलाबी आहेत?"

मोतीबिंदू हळूहळू चढतो. कितीतरी वर्षं बाईंना ते विटकरी दिसत होते, आणि गुलाबी हा शब्द त्या आठवणीने म्हणत होत्या.

मी डोळा लावला. थेंबात गर्दी होती. पण मी तडीपार केलेला राक्षस एकही नव्हता. सगळे लहानगे, भोळे, गिरक्या घेणारे. "बाई, राक्षस कुठे गेले?"

"तेच हे. त्या दिवशी सांगत होते तर तुमचं पोस्टात लक्ष. खायला मिळालं, की मोठे मोठे राहत नाहीत. दोनाचे चार होतात आणि पुन्हा लहान." त्यांनी रुमालाने गाल टिपला. "बाजूला व्हा. डोळ्यात पाणी आणायचं नाही, सांगितलंय डॉक्टरांनी."

मी माफी मागू लागलो तर म्हणाल्या, "माफी राहू द्या. गहू उकडा." आणि बॅगेतली वही उघडून बसल्या.

पुढे मी खराडीला फ्लॅट घेतला, पण सोमवारी गहू घालायला जात राहिलो. गेल्या वर्षी बाई गेल्या. भाचीने बरण्या आणि वह्यांचा गठ्ठा माझ्या घरी आणून दिला. "तुम्हालाच द्यायला सांगितलं होतं. दुसरं कोणी नाही म्हणे." आता पडद्याआड माझ्याच कपाटात आहेत. घरात तांब्याचं काही नाही. ऑफिसातही आता कोणी विचारलं की सगळे मध्यम आहेत, असं म्हणताना माझी जीभ अडखळते. बढती त्यामुळेच अडली असावी.

वह्या चाळताना मी ती तीन आठवड्यांची पानं शोधली. मला वाटलं होतं, माझे खोटे आकडे बाईंनी खोडले असतील. खोडले नव्हते. बाराच्या बारा ओळी स्वच्छ अक्षरात, चौदा, अकरा, पंधरा, बारा, फोनवर सांगितले तसे. फक्त ज्या रकान्यात एरवी बरणीचा नंबर असतो, तिथे प्रत्येक ओळीत लिहिलं होतं, 'भाडेकरू'.

माणसांची उदाहरणं लावायची नाहीत हा नियम बाईंनीच घातलेला, आणि मोडलाही त्यांनीच. बारा ओळींच्या खाली एकविसाव्या दिवसाची नोंद होती. ग्लासातल्या थेंबातला मोठा किती, लहान किती. आणि त्याखाली एक ओळ.

'भाडेकरू आज थोडा मोठा दिसला. डोळा नवा आहे म्हणूनही असेल.'